‘टाकाऊ’ या विशेषणाचा कर्ता

विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांच्या ‘ट्रॅश’ या बहुमाध्यम कलाकृतिमालेचा विचार प्रस्तुत टिपणात एका मराठी प्रत्ययाच्या आधारे करावयाचा आहे.

‘-आऊ’ हा प्रत्यय धातूला लागून टिकाऊ, विकाऊ, टाकाऊ अशी विशेषणे सिद्ध होतात. रूपाने ती सारखी असली तरी अर्थदृष्ट्या त्यांत भेद आहे. ‘टिकणे’ हा धातू अकर्मक असल्यामुळे टिकाऊपणा हा वस्तूचा स्वतःचा गुण ठरतो. ‘विकणे’ व ‘टाकणे’ हे धातू सकर्मक होत. तेथे विकणारा व टाकणारा कोणीतरी असावाच लागतो. ‘शिकाऊ’ हे विशेषण शिकणाऱ्याला, म्हणजे कर्त्याला लागते. ‘विकाऊ’ व ‘टाकाऊ’ ही मात्र कर्माला लागतात. त्यामुळे कर्ता लोप पावतो आणि त्याची कृती वस्तूचाच अंगभूत गुण म्हणून वावरू लागते. उपभोगप्रधान संस्कृतीत वस्तूचा प्रवास ‘विकाऊ’पासून ‘टाकाऊ’पर्यंत होतो, दोन्ही टोकांना माणूस अदृश्यच राहतो.

सुंदरम यांनी दिल्लीत कचरावेचकांच्या साहाय्याने डबे, बाटल्या, प्लॅस्टिक आदी टाकलेल्या वस्तू गोळा करून आपल्या कलाशाळेत एक विस्तीर्ण नगरी रचली. २००८ साली तिची छायाचित्रे व चित्रफिती प्रदर्शित झाल्या. दुरून पाहता छायाचित्रांत रस्ते व वस्त्या भासतात. जवळ जाता वेष्टने ओळखीची वाटतात, कारण तशी वेष्टने आपणही टाकलेली असतात. लोपलेला कर्ता येथे श्रोत्यासह वक्त्याला सामावून घेणाऱ्या ‘आपण’ या सर्वनामाच्या रूपाने परत येतो.

टाकणाऱ्याप्रमाणेच वेचणाराही भाषेतून निसटतो. २००५ च्या एका लघुचित्रफितीत कचऱ्यावर पहुडलेला मुलगा क्षणभर वर उचलला जातो. त्याच वर्षीच्या ‘ट्वेल्व्ह बेड वॉर्ड’ या मांडणीत खाटांवर गादीऐवजी जुन्या पादत्राणांचे तळ आहेत. ती घालून चालणारी माणसे त्यांच्या अभावामुळेच जाणवतात.

छायाचित्राला दुर्गंधी नसते. म्हणून अशी कला कचऱ्याला मोहक करते, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. तथापि तिला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शालेय हस्तव्यवसायातील सूत्र लागू करणे अयोग्य होय. त्या सूत्रात वस्तूचे विशेषण तेवढे बदलते, टाकण्याची क्रिया अबाधित राहते. सुंदरम यांच्या कृती विशेषणाकडून क्रियेकडे आणि क्रियेकडून कर्त्याकडे नेतात. शाश्वततेची चर्चा केवळ वस्तूंच्या गुणांपाशी थांबली, तर तो कर्ता पुन्हा लोप पावेल.