चार टक्क्यांचा उपकर आणि राज्यांची रिकामी झोळी

शिक्षण आणि आरोग्य यांविषयीची सरकारी वचने भारतात बहुधा टक्केवारीच्या भाषेत दिली जातात. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत नेण्याची शिफारस केली, १९६८ च्या धोरणाने ती स्वीकारली आणि १९८६ व २०२० च्या धोरणांनी तिचा पुनरुच्चार केला. आरोग्याच्या बाबतीत २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजेच देशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या, अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के भरला. उद्दिष्टे हुकतात याचे आता कोणाला नवल वाटत नाही, परंतु या कामांसाठी म्हणून गोळा होणारा पैसा नेमका कोणत्या वाटेने जातो, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाच्या विवरणात करावर चार टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ लावलेला असतो. उपकर म्हणजे विशिष्ट हेतूसाठी करावर आकारलेला जादा कर. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का, आणि २०१८ पासून आरोग्य धरून चार टक्के, असा तो वाढत गेला. प्राथमिक शिक्षणासाठी वेगळा कोष लवकरच स्थापन झाला. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या कोषाला मात्र २०१७ साल उजाडावे लागले, आणि तोवर जमलेली ८० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम कोणत्याही राखीव खात्यात गेलेली नसल्याचे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले. दहा वर्षे हेतू सांगून पैसा घ्यायचा आणि त्या हेतूचे खातेच उघडायचे नाही, याला विसरभोळेपणा म्हणणे कठीण आहे.

त्याहून खोल अडचण घटनात्मक आहे. रुग्णालये व सार्वजनिक आरोग्य हे राज्य सूचीतील विषय आहेत. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले असले, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचा पगार असो की प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांचा पुरवठा, त्याचा मुख्य भार राज्याच्याच तिजोरीवर पडतो. केंद्रीय करांतून राज्यांना वाटा मिळतो खरा, परंतु अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. एखाद्याने एक लाख रुपये प्राप्तिकर भरला, तर वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे त्यातील ढोबळमानाने ४१ हजार रुपये सर्व राज्यांमध्ये विभागले जातात. त्यावरच्या चार हजारांच्या उपकरातील एक पैसाही हक्काने त्यांच्या वाट्याला येत नाही. तो पोहोचतो समग्र शिक्षा किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियान यांसारख्या योजनांमधून, केंद्राने ठरवलेल्या बाबींसाठी आणि महाराष्ट्रासारख्या बहुतेक राज्यांना स्वतःचे ४० टक्के घालण्याच्या अटीवर. ज्या राज्याला हा हिस्सा वेळेवर उभा करता येत नाही, त्याला केंद्राचा पुढचा हप्ताही उशिरा मिळतो, आणि अशी ओढाताण गरीब राज्यांना अधिक जाचते. पुढील एखाद्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा पन्नास टक्के केला, तरी तो मोजला जाईल उपकर वगळूनच.