पाच मिनिटं, दोन बाजू

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत वादाला तोटा नाही. शेजारच्या विमानतळाच्या विस्तारासाठी गावची ६४ एकर जमीन लागणार हे कळलं तेव्हापासून पारावर, दूध संस्थेच्या दारात, केएमटीच्या बसमध्ये प्रत्येकाकडे ठाम मत आहे. पण त्यातल्या एखाद्याला थांबवून म्हणावं, ‘आता पाच मिनिटं समोरच्याची बाजू मांडा’, की गडी गप्प. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत नेमकं हेच करावं लागतं, आणि गावोगावची वक्तृत्वं गाजवून आलेली पोरं तिथंच अडखळतात.

आधी वाट कशी आहे ते सांगतो. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या राष्ट्रीय युवा महोत्सवात कॉलेज म्हणून जाता येत नाही, विद्यापीठ म्हणून जावं लागतं. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे. पहिल्यांदा जिल्हा युवा महोत्सव, मग मध्यवर्ती. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागात उतरतो आणि तिथं वरचा क्रमांक आला तर राष्ट्रीय फेरी. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव वेगळा. वयाची अट पंचविशीच्या आतली. दर वर्षीचं नियमपत्रक हातात घेऊन वाचलेलं बरं. ‘सर म्हणाले होते’ यावर संघ बाद झालेले पाहिलेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये हा राष्ट्रीय महोत्सव ‘शिवोत्सव’ नावानं कोल्हापुरातच झाला होता, तेव्हा आमच्या पोरांना देशभरचे संघ बघायला शहरातल्या सागरमाळापलीकडे जावं लागलं नाही.

या महोत्सवातल्या वादविवादात संघ दोघांचा. एक ठरावाच्या बाजूनं, दुसरा विरोधात. विषय चोवीस तास आधी कळतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटं, कागद बघून वाचायचं नाही, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून. दोघांचे गुण एकत्र करून संघाचा क्रमांक लागतो, म्हणजे एकानं मैफल जिंकून भागत नाही. आणि भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत फड मारणाऱ्याला इथं पहिली ठेच लागते. आमच्याकडची हिंदी बहुधा मराठीच असते, फक्त शेवटी ‘है’ लावलेली. तिला महिनाभर घासावं लागतं.

खरी अडचण मात्र भाषेची नाही. वक्तृत्व हा एकट्याचा खेळ आहे. सुरुवात, कळस, टाळी, सगळं घरी बसवता येतं. वादविवादात तुमच्या आधी दहा जण बोलून गेलेले असतात, आणि त्यांनी काय म्हटलं हे तुमच्या भाषणात दिसलं नाही तर परीक्षकाच्या लेखी तुम्ही वक्तृत्वच केलंत.

एकदा एका मुलीची तयारी घेत होतो. विषय मुद्दाम घरचाच दिला: विमानतळासाठी शेतजमीन घेणं समर्थनीय आहे. ती ठरावाच्या बाजूनं. मोबाइलवर वेळ लावली. ‘आदरणीय व्यासपीठ’, मग एक सुविचार, मग शाहू महाराजांच्या पावन भूमीला वंदन. पंचेचाळीस सेकंद गेले आणि विमान अजून जागेवरच. शाहू महाराजांचं नाव घ्यायला कुणाची हरकत असेल? पण २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश मुद्द्याला जोडून आणलात तर तो पुरावा होतो, नुसतं वंदन हे हार घालणं झालं.

मग भाषण उलटं बांधायला घेतलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात वाद नेमका कशावर आहे ते सांगायचं. विमानतळ हवा की नको यावर नाही. त्याची किंमत कोण मोजतो आणि त्याला काय मिळतं, यावर. पुढची दोन मिनिटं दोनच मुद्दे. तिसरा सुचला तरी गिळायचा. त्यानंतरचं दीड मिनिट मोकळं सोडायचं, ते आधी बोललेल्यांना उत्तर द्यायला. उरलेल्यात शेवट.

ते मोकळं दीड मिनिट भरायचं कसं, यासाठी तिचा जोडीदार समोर उभा केला. तो म्हणाला, सातबारा ज्याच्या नावावर त्याला पैसे मिळतील, पण त्या रानात राबणाऱ्या मजुराचं काय? चांगला घाव होता. ती म्हणाली, २०१३ चा भूसंपादन कायदा त्या मजुराच्या कुटुंबालाही बाधित मानतो. मी मनात म्हटलं, जिंकली. पण पोरगं तयारीचं होतं. म्हणालं, मानतो, पण संपादनाआधी तीन वर्षं त्या रानावर पोट होतं हे दाखवावं लागतं. भांगलणीच्या मजुरीची पावती आजवर कुणी कुणाला दिली आहे? पोरगी गप्प. मग दोघांना बाजू बदलायला लावल्या. आता पावतीचा प्रश्न तिचा, आणि उत्तर शोधायचं काम त्याचं.

चोवीस तास मिळाले की बरेच संघ रात्रभर आपलंच भाषण पाठ करतात. त्यातले निम्मे तास विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम भाषण लिहिण्यात घालवावेत, असं माझं मत. संघातच दोन्ही बाजू असल्यानं जोडीदाराचं भाषण हीच ती तालीम.

याहून वेगळा खेळ म्हणजे संसदीय धाटणीचा वादविवाद. तो आपल्याकडे विधी महाविद्यालयं आणि आयआयटींमध्ये जास्त चालतो. ब्रिटिश पद्धतीत एका खोलीत चार संघ, आठ वक्ते. दोन संघ सरकारचे, दोन विरोधी. बाजू स्वतः निवडायची नाही, मिळेल ती घ्यायची. विषय कळल्यावर तयारीला फक्त पंधरा मिनिटं, भाषण सात मिनिटांचं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा उभा राहून मुद्दा विचारू शकतो. घ्यायचा की हातानं खाली बसवायचं हे बोलणारा ठरवतो. एकही न घेणारा मात्र घाबरलेला दिसतो.

खोलीत पहिला आलेल्या संघाला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. पुढच्या फेरीत साधारण सारख्या गुणांचे संघ एकमेकांसमोर येतात, त्यामुळे जिंकत जाल तसे प्रतिस्पर्धी तगडे होत जातात. गंमत म्हणजे तुमच्याच बाजूचा दुसरा संघही तुमचा प्रतिस्पर्धी. मागून बोलणाऱ्यांनी पुढच्यांचं मोडून चालत नाही आणि त्यांचंच पुन्हा सांगूनही चालत नाही. त्याच बाजूचं काहीतरी नवं काढावं लागतं. भजनात मागच्याला चाल सोडता येत नाही, पण जागा स्वतःच्या घ्याव्या लागतात, तसंच.

आज याच पद्धतीनं होणारी जागतिक विद्यापीठ स्पर्धा १९८१ पासून चालते, २०१४ ची चेन्नईत झाली होती. तिथं भाषा इंग्रजीच, पण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी बाद फेऱ्यांचा स्वतंत्र गट असतो. उच्चारांना गुण नाहीत, युक्तिवादाला आहेत. ही गोष्ट आमच्या पोरांना सांगितली की पाठीचा कणा दोन बोटं वर येतो.

त्या मुलीनं पुढच्या रविवारी पावतीच्या प्रश्नाला उत्तर आणलं. गल्लीतल्या भांगलणीला जाणाऱ्या चार बायकांकडे जाऊन आली होती. एकीकडे बचत गटाचं पासबुक निघालं, तीन वर्षांत दर महिन्याला भरलेल्या रकमेसह. जोडीदार म्हणाला, हा मजुरीचा पुरावा होत नाही. ती म्हणाली, वेळ लाव.