औषध नव्हे, विष म्हणा!

आपल्या राळेगाव भागात ‘कपाशीवर औषध मारलं’ असे मी नेहमी ऐकतो. औषध म्हटले की भीती वाटत नाही. मग बादलीत उघड्या हातानेच ढवळले जाते आणि उघड्या अंगाने फवारणी होते.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. विषबाधा म्हणजे विष पिणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात कीटकनाशक कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते.

म्हणून फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा. वारा तोंडावर येईल असे उभे राहू नये. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करावी. मळमळ, भरपूर घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, यांना ‘उन्हाचा त्रास’ समजू नये. अशा वेळी भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे. सोबत कीटकनाशकाचा डबा न्यावा. त्यावरील नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

वाचकहो, आजपासून घरात त्याला विषच म्हणा. नाव बदलले की हात आपोआप जपून चालतात.