चिनी खाणकामगारांच्या वस्त्या आणि धातुशोधक यंत्र

१. परदेशीं राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं चौकोनी छिद्राचें एक चिनी नाणें आम्हांस भेट दिलें. धातुशोधक यंत्र घेऊन जुन्या खाणवस्त्या धुंडाळणाऱ्या एका गृहस्थाकडून त्यानें तें विकत घेतलें होतें. नाण्यावरील चार अक्षरें कोष्टकाशीं ताडून पाहतां तें च्येनलुंग बादशहाच्या कारकीर्दीचें (इ. स. १७३६–१७९५) ठरलें. नाणें अठराव्या शतकाचें, म्हणून ती वस्तीहि तितकीच जुनी, असें विक्रेत्यानें त्यास सांगितलें होतें. हें अनुमान निराधार आहे. तें कां, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कॅलिफोर्नियांत कोलोमा येथें २४ जानेवारी १८४८ रोजीं सोनें सांपडलें. १८५१ त ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत व १८६१ त न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतांत तसेंच झालें. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतून सहस्रावधि लोक क्रमाक्रमानें ह्या तिन्ही ठिकाणीं गेले. तेथील सरकारी दप्तरांत ते बहुधा करापुरतेच दिसतात. कॅलिफोर्नियानें १८५२ त परदेशी खाणकामगारांवर दरमहा ३ डॉलरचा कर बसविला. न्यूझीलंडनें १८८१ त प्रत्येक चिनी आगंतुकावर १० पौंडांचा कर लादला व १८९६ त तो १०० पौंड केला. न्यूझीलंडमधील ४९९ मृतांचे अवशेष मायदेशीं नेणारी व्हेंटनर नौका १९०२ त बुडाली. ह्या लोकांच्या हातचे कागद तुलनेनें थोडेच उरले आहेत. तेव्हां त्यांच्या वस्त्यांची जमीन हेंच त्यांचें मुख्य दप्तर होय.

३. आतां यंत्राविषयीं. त्याच्या टोकाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून पालटता विद्युत्प्रवाह सोडिला म्हणजे भोंवतीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. त्यायोगें जमिनींतील धातूंत सूक्ष्म प्रवाह उठतात व त्यांची प्रतिक्रिया नादरूपानें कानीं येते. अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या देहांतील गोळी शोधण्यासाठीं ग्रॅहॅम बेल ह्यांनीं १८८१ त अशाच तत्त्वाचें उपकरण वापरिलें होतें. पण गोळी सांपडली नाहीं. नाण्याएवढी वस्तु सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच कळते. शिवाय यंत्रास धातूवांचून दुसरें कांहीं कळत नाहीं. शेजारचें खापर, चुलीची राख, खाल्लेल्या जनावराचें हाड ह्यांविषयीं तें मुकें असतें. खणणारा नाद ऐकून खळगा करितो, नाणें उचलितो, आणि बाकीचा थर विस्कटून जातो.

४. नाण्यावरील बादशहाचें नांव तें ओतल्याचा काल सांगतें, हरवल्याचा नव्हे. च्येनलुंगचीं, तशींच त्यापूर्वींच्या कांगशी बादशहाचीं (१६६२–१७२२) नाणीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील वस्त्यांतून मिळतात. परदेशांत त्यांस चलनाचें मोल नव्हतें. फान-तान नांवाच्या जुगारांत मोजण्याचे दाणे म्हणून, अथवा ताईत म्हणून तीं वापरीत. आमच्याकडील शिवराईचें उदाहरण वाचकांस परिचित आहेच. शिवछत्रपतींच्या नांवाचा तो पैसा पेशवाईंतहि पाडला जाई व पुढेंहि दीर्घकाळ बाजारांत चाले. पोथीचा नकलकार मूळ प्रतीचा शक जशाचा तसा उतरून ठेवितो, तेव्हां आम्ही कागद व अक्षरवळण पाहिल्याशिवाय त्या शकावर विसंबत नाहीं. नाण्यासहि तोच न्याय लाविला पाहिजे.

५. नाण्याचा कागद म्हणजे त्याची जागा. न्यूझीलंडमध्यें ॲरोटाउन येथील चिनी वस्तीचें उत्खनन १९८३ त नेव्हिल रिची ह्यांनीं केलें. थर राखून केलेल्या अशा कामांत चिनी भांड्यांजवळ युरोपीय बाटल्या मिळाल्या म्हणजे हे लोक स्थानिक मालहि विकत घेत, हें सिद्ध होतें. पितळी अफूच्या डब्यांचेंहि तसेंच. न्यूझीलंडनें ओढण्याच्या अफूस १९०१ त बंदी केली. म्हणून डबा ज्या थरांत पडला त्याच्या कालनिर्णयास त्याची मदत होते. हाँगकाँगला शिजणारी कच्ची अफू बहुतांशीं हिंदुस्थानची असे, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई. अशा डब्याशीं आपलाहि दूरचा संबंध पोंचतो. पण थरांतून उपटलेला डबा केवळ पितळ होय.

६. ह्याच कारणास्तव अमेरिकेंत १९७९ च्या कायद्यानें संघराज्याच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुने पुरावशेष परवान्यावांचून उकरण्यास मनाई केली, व न्यूझीलंडमध्यें २०१४ च्या कायद्यानें १९०० पूर्वींच्या वसतिस्थानांस संरक्षण दिलें. आपल्याकडे १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन घातलें. तथापि कायद्याहून संग्राहकाची वृत्ति अधिक महत्त्वाची. गिऱ्हाईक आहे तोंवर खणणारा थांबणार नाहीं.

७. 'हें नेमकें कोठें मिळालें?' असें आम्हीं विद्यार्थ्यास विचारिलें. 'एका जुन्या चिनी छावणींत', एवढेंच विक्रेत्यानें सांगितल्याचें त्यानें कळविलें. पुनः असें नाणें घेऊं नये, आणि आपणांस कधीं जमिनींत दिसलेंच तर हात न लावितां जागा टिपून अधिकाऱ्यांस कळवावी, असें आम्हीं त्यास लिहिलें आहे. त्यानें प्रेमानें दिलेलें नाणें आम्हीं परत केलें नाहीं. आमच्या दप्तरांत पोथीचें एक सुटें पान आहे. त्याचा ग्रंथ आम्हांस आजवर लागलेला नाहीं. नाणें त्याच्याच शेजारीं ठेविलें आहे.