पोत कापडाचा, पोत मातीचा

साडीच्या दुकानात शिरलं की आपण आधी रंग बघतो आणि लगेच पदर चिमटीत धरून चोळतो. "पोत बरा आहे हो, पण किंमत?" हे वाक्य कुठल्या बाईच्या तोंडी नसतं! हा 'पोत' अभ्यासक प्राकृतातल्या 'पोत्त' म्हणजे कापड या शब्दाशी जोडतात. आपलं सारवायचं पोतेरंही त्याच घरातलं. इंग्रजीतला 'टेक्श्चर' हा शब्दसुद्धा 'विणणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. टेक्स्टाईल आणि टेक्स्ट ही त्याची भावंडं. (गळ्यातली मण्यांची पोत मात्र वेगळी, तिचं नातं काचेशी सांगतात.)

आमच्या मोलगीकडे, सातपुड्याच्या डोंगरात, पोत म्हटलं की मला साडीआधी जमीन आठवते. ज्वारी, मका, भगर, सगळं उतारावर. "रासायनिक खतानं जमिनीचा पोत बिघडला" असं सगळेच म्हणतात. पण मृदाशास्त्रात पोत म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक. खतानं हे प्रमाण बदलत नाही. बिघडते ती मातीची घडण, आणि कमी होतो तो सेंद्रिय कर्ब. तो शेणखतानं, पालापाचोळ्यानं पुन्हा वाढवता येतो.

उतारावर मात्र खरोखरच पोत जातो. पाऊस बारीक माती आधी उचलून नेतो, मागे राहतात खडे नि जाडी वाळू. तो पोत कुठल्याच गोणीतून विकत मिळत नाही. उताराला आडवे दगडी बांध घातले तर निदान माती अडते.

2015 साली जमीन आरोग्य पत्रिका सुरू झाली. तिच्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश अशा 12 गोष्टी तपासतात. त्यात पोत नाही! शिवाय पत्रिका येते सातबाऱ्यावरच्या नावानं, म्हणजे बहुतेक नवऱ्याच्या. निंदणी-कापणीला वाकते ती बाई, आणि कागद जातो त्याच्या खिशात. हे मला खटकतं.

म्हणून बचत गटात आम्ही बाटलीचा प्रयोग करतो. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंतही तरंगत राहते. थर दिसले की पट्टीनं मोजा, झालं!

गेल्या खेपेला एका पाड्यावरच्या मावशींनी दोन बाटल्या भरल्या. एकीत बांधाला अडलेली माती, दुसरीत उघड्या उतारावरची. दुसरीत जवळजवळ सगळी वाळूच. मावशी बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, या दोन्ही बाटल्या मी घरी नेते. त्यांना दाखवायच्यात."