ओमाहा ते पिट्सबर्ग
जून २०२३मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ओमाहात कॉलेज बेसबॉलचं विजेतेपद पटकावलं. पुढच्याच महिन्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिली दोन नावं त्यांचीच निघाली: पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज. असं आधी कधी घडलं नव्हतं. पिचर स्कीन्स वर्षाच्या आत पिट्सबर्गकडून सर्वोच्च स्तरावरच्या मेजर लीगमध्ये उतरलाही.

पूर्वी पोरं कॉलेजऐवजी शाळेतून थेट मेजर लीगखालच्या मायनर लीगमध्ये जात, तुटपुंज्या पगारावर बसने गावोगाव फिरत घडत. २०२१मध्ये मेजर लीग संघांशी संलग्न मायनर संघ १६० वरून १२० वर आले. निवडीच्या फेऱ्याही एकेकाळच्या ४० वरून २० झाल्या. साहजिकच खेळाडू घडवण्याचा भार कॉलेजांकडे सरकला. त्याच वर्षी विद्यार्थी खेळाडूंना जाहिरातींतून कमावण्याची मुभाही मिळाली.

मात्र कॉलेजात धातूची बॅट चालते, मेजर लीगमध्ये फक्त लाकडी. त्यामुळे कॉलेजातल्या फटकेबाजीचे आकडे जपूनच वाचावेत.