वारशातील पितळी पातेले रंगपेन्सिलीने रेखाटणे

या पाठानंतर तुम्हांला गोल भांड्याचा आकार प्रमाणात काढता येईल, पितळ आणि कल्हई यांच्या रंगांतील फरक दाखवता येईल आणि काढलेले चित्र घराण्याची नोंद म्हणून जपता येईल.

१. हे चित्र कशासाठी?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू मांडलेल्या आहेत. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर जमवलेला हा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. आपल्या घरची भांडी मात्र बहुधा संग्रहालयात जात नाहीत. वाटण्या होतात तेव्हा पातेले एकाच घरी जाते. जागा अपुरी पडली की ते वजनावर मोडीत निघते. चित्राच्या प्रती मात्र सर्व भावंडांना मिळू शकतात. म्हणून येथे सुंदर भांडे काढायचे नसून *हेच* भांडे काढायचे आहे. पोचे, झिजलेला काठ आणि कल्हई उडालेली जागा वगळू नका. चित्रापूर्वी भांडे घासून चकचकीतही करू नका.

२. वाचन आणि मोजमाप

जुन्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेले असते. कधी गाव, साल किंवा ‘सप्रेम भेट’ही असते. वर्षानुवर्षे घासून ही अक्षरे पुसट होतात. विजेरीचा प्रकाश बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाका. खळग्यांत सावली पडते आणि अक्षरे वाचता येतात. ती जशी आहेत तशीच, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह, उतरवून घ्या. मग तोंडाचा व्यास, बुडाचा व्यास आणि उंची मोजा.

३. तोंडाचे लंबवर्तुळ

गोल तोंड तिरकस पाहिल्यास लंबवर्तुळ दिसते. नजर तोंडाच्या पातळीपासून θ कोनात खाली जात असेल तर

लहान अक्ष ÷ मोठा अक्ष ≈ sin θ

उदाहरण: तोंडाचा व्यास २४ सेंमी, प्रमाण १:२ आणि कोन ३०° आहे. मोठा अक्ष १२ सेंमी आणि sin ३०° = ०.५, म्हणून लहान अक्ष ६ सेंमी. बुडाकडे नजर अधिक खाली वळते, कोन वाढतो. म्हणून बुडाचे लंबवर्तुळ तोंडाच्या मानाने अधिक गोलसर येते. नवशिक्यांच्या चित्रात बूड सपाट रेषेचे असते आणि भांडे कलंडल्यासारखे वाटते, ते यामुळेच.

४. उजेड कोणत्या खिडकीचा?

चित्रकलेची पाश्चात्त्य पुस्तके उत्तरेची खिडकी सुचवतात, कारण त्या अक्षांशांवर भर दुपारी सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. समजा, तुम्ही बंगळूरुच्या इंदिरानगरात राहता. तेथील अक्षांश सुमारे १३° उत्तर. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. पुण्यात (सुमारे १८.५°) हा काळ साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा आहे. या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत ऊन येऊ शकते आणि सावल्या सरकतात. अशा वेळी खिडकीला पातळ पांढरा कपडा लावा किंवा रोज त्याच वेळी तासभर बसा.

५. पितळ आणि कल्हई

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रधातू. चिनीमातीवरची चकाकी पांढरी असते. पितळ मात्र निळा प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे त्याची चकाकीही पिवळसर दिसते. कागद पूर्ण कोरा फक्त एक-दोन तीव्र ठिपक्यांपुरता ठेवा.

आतली बाजू वेगळी. पितळेत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून आत कथलाचा थर देतो. कथील सर्व रंग जवळपास सारखे परावर्तित करते. म्हणून आत करडे रंग वापरा. कल्हई झिजली असेल तेथे पिवळा डोकावू द्या. भांडे किती वापरले गेले, हे त्या डागांवरूनच कळते.

६. रंग चढवण्याचा क्रम

रंगपेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य, मेण किंवा तेल आणि भरीव पूड असते. कागदाच्या खरखरीत उंचवट्यांवर रंग अडकतो. जोर लावला की हे उंचवटे दबतात व भरतात आणि पुढचा थर धरत नाही. म्हणून:

• शिसपेन्सिलीची रेषा खोडरबराने फिकट करा. मेणाखाली गेलेली रेषा निघत नाही.
• टोकदार पेन्सिलीने, हलक्या हाताने फिकट पिवळा थर द्या.
• त्यावर गेरू, मग तपकिरी.
• गडद भागात काळ्याऐवजी तपकिरीवर गडद निळा चढवा.
• गुळगुळीत भागातील प्रतिबिंबांच्या कडा ठळक, झिजलेल्या भागातील कडा मऊ ठेवा.
• नावाची टिंबे सर्वांत शेवटी.

७. जपणूक

सर्व रंग उजेडात सारखे टिकत नाहीत. रंगपेन्सिलींच्या प्रकाशस्थैर्यासाठी एएसटीएम डी ६९०१ हे मानक आहे. घरच्या चाचणीसाठी प्रत्येक रंगाची पट्टी काढा, अर्धी जाड काळ्या कागदाने झाका, तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि दोन्ही भागांची तुलना करा. चित्रामागे मापे, भांड्यावरील मजकूर, ते कोणाकडून कोणाकडे आले आणि चित्राची तारीख लिहा.

स्वाध्याय

१. तोंडाचा व्यास १८ सेंमी, प्रमाण १:२ व कोन ४५° असल्यास दोन्ही अक्ष काढा.
२. तुमच्या गावाचा अक्षांश शोधून उत्तरेच्या खिडकीत माध्यान्हीचे ऊन कोणत्या महिन्यांत येईल ते ठरवा.
३. घरातील सर्वांत जुन्या भांड्यावरील अक्षरे उतरवून घ्या. ते नाव कोणाचे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चार ओळी लिहा. हा प्रश्न सुट्टीसाठी राखून ठेवू नका; सांगणारे माणूस आहे तोवरच त्याचे उत्तर मिळते.